पत्र्याची कोंबडी करणारा माणूस

लिफ्ट मुनिबाच्या मजल्यावर थांबायला लागली तेव्हा शुभ्रा म्हणाली, "आजी, डोन्ट टेल हर एनीथिंग." माझ्याकडे न बघता म्हणाली, लिफ्टच्या स्टीलच्या दाराकडे बघत. त्या दारात आम्ही दोघी दिसत होतो, कुणीतरी लाटून ठेवल्यासारख्या पसरट. मग दार मधोमध उघडलं, मी एकीकडे गेले आणि ती दुसरीकडे. मुनिबा आत आली. ती शुभ्राच्या वर्गात आहे, आमच्याच टॉवरमध्ये राहते, आणि मी दिसले की तिला काहीतरी ऐकायचं असतं. "हॅलो आजी," म्हणाली आणि दप्तराचे पट्टे धरून वाट बघत उभी राहिली. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं की बाई गं, थोडक्यात चुकलीस, आत्ता या लिफ्टमध्ये एक उंट होता, मधल्या मजल्यावर उतरला, तिथे त्याचा दातांचा डॉक्टर आहे. गिळलं. उंट गिळणं सोपं नसतं. खालपर्यंत आम्ही तिघी वरच्या लाल आकड्यांकडे बघत राहिलो. बस आली, दोघी चढल्या. शुभ्रा रोज खिडकीतून जीभ काढून दाखवते, मीही दाखवते. आज तिने पडदा ओढला.

म्हणजे आपली आजी लोकांसमोर तोंड उघडायच्या लायकीची नाही, असं तिचं झालंय. मी तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसले. तळं म्हणजे इथलं, दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधलं तळं, माणसांनी खणून भरलेलं, त्याला ना उगम ना शेवट. पाण्यात काचेचे टॉवर उलटे उभे असतात, त्यातल्या एका उलट्या टॉवरमध्ये आमचंही घर असणार, आणि तिथे उलटी मी, उलटी प्रमिला, चहा करत असणार. असलं काही सुचलं की मी आधी शुभ्रासाठी जपून ठेवायचे. चारला बस यायची, ती शूज काढतानाच सांगून टाकायचे. दिवसभर घरात कुणी नसतं. माझा शैलू, शैलेंद्र, सकाळी जातो तो अंधार करून येतो. सूनबाई सुमेधा दोन दिवस घरून काम करते, पण घरून काम म्हणजे बंद दाराआडून "कॅन यू हिअर मी" ऐकू येतं. मला वाटतं मीच ओ द्यावी. खिडक्या उघडत नाहीत, एसी चालू असतो, त्याचा एक बारीक आवाज असतो आणि तो थांबला की कळतं की इतका वेळ आपण त्याच्याशीच मनातल्या मनात बोलत होतो. अशात चारला एक माणूस दार उघडून येतं आणि म्हणतं, "आजी, टेल." तेवढ्यावर माझा दिवस टांगलेला होता.

त्या जपानी कंपनीपायी हे सगळं झालं. शाळेत प्रोजेक्ट होतं, कुठल्याही एका कंपनीचा जन्म कसा झाला ते सांगा. बाकीच्या मुलांनी विमानं घेतली, मोबाईल घेतले. शुभ्राने कुरोमोरी घेतली. तिच्या टेबलावर या कुरोमोरीची किल्लीची जनावरं ओळीने बसलेली असतात, कासव, अस्वल, एक नुसतीच शेपटी हलवणारं मांजर. मी तिला कुरमुरे कंपनी म्हणते. कंपनीच्या साइटवर सुरुवातीच्या वर्षांबद्दल एवढंच होतं, शुभ्राने मला वाचून दाखवलं आणि मराठी करून मी डोक्यात ठेवलं: लढाई संपल्यावर तोक्योच्या नदीकाठी एका शेडमध्ये एक माणूस आणि त्याची बायको खेळणी करायला लागले. नवा पत्रा मिळत नव्हता. म्हणून परदेशी सैनिकांनी खाऊन फेकलेले डबे गोळा करायचे, कापायचे, ठोकून सपाट करायचे, आणि छापील बाजू आत ठेवून त्याची खेळणी करायची. पहिलं खेळणं म्हणजे दाणे टिपणारी कोंबडी. पुढे शेड जळली, त्या वर्षांतलं काही उरलेलं नाही. "दॅट्स इट," शुभ्रा म्हणाली. "आय नीड फाइव्ह स्लाइड्स, आजी." तिचा चेहरा रडवेला. आता मला सांगा, पाच स्लाइड हव्यात, एका स्लाइडपुरता मजकूर आहे, आणि समोर मी बसलेय.

मी म्हटलं, अगं, पहिली कोंबडी पुढे चालायचीच नाही. किल्ली दिली की मागे मागे जायची. माणूस बिचारा रात्रंदिवस खपला, तरी ती मागेच. शेवटी बायको म्हणाली, असू दे, लाजरी कोंबडी म्हणून विकू. आणि ती इतकी खपली म्हणतेस, की जपानातल्या खऱ्या कोंबड्यासुद्धा तिचं बघून मागे मागे चालायला लागल्या. शुभ्रा हसली. मग मी सुटले. कोंबडीच्या पोटात डोकावलं की जुन्या डब्याचं चित्र दिसायचं, पीचची फोड, आणि एक आंधळी म्हातारी रोज येऊन कोंबडी नाकाशी धरायची, म्हणायची, फळांचा सीझन आला वाटतं. बायको डोळे रंगवायची, आणि प्रत्येक कोंबडीला गल्लीतल्या एकेका बाईचे डोळे द्यायची. दूधवाल्याच्या बायकोने स्वतःला दुकानात ओळखलं आणि मोठं भांडण झालं. मग एक कोंबडी किल्ली जास्त पिळल्यामुळे जी निघाली ती थेट बंदरात, बोटीवर, आणि उतरली मुंबईला. कस्टमवाल्यांना कळेना हिला पक्ष्यात धरायचं की लोखंडात. अडकवून ठेवली. तिला सोडवायला तो माणूस स्वतः बोटीने आला आणि आमच्या शेजारच्या खोलीत राहिला. मी त्याला पोहे दिले. बोलायचा कसा माहितीय का, तोंडात स्क्रू धरून. ओठांच्या कोपऱ्यात दोन-तीन स्क्रू, आणि त्यांच्यामधून शब्द. काम अर्धवट असतानाच "झालं" म्हणायचा. आणि सगळं परत जोडून झालं की हमखास एक स्क्रू उरायचा. तो उरलेला स्क्रू हातात घेऊन असा बघायचा, जसं काही तो स्क्रूच चुकून या जगात आलाय. चहा कधी मागायचा नाही. स्वयंपाकघराच्या दारात येऊन नुसता उभा राहायचा, आपण समजून घ्यायचं.

"यू न्यू हिम?" शुभ्राने विचारलं.

मी म्हटलं, "हो तर. चांगली ओळखत होते."

आणि गंमत अशी की हे म्हणताना मला आपण थाप मारतोय असं वाटलंच नाही. एरवी थाप मारताना मला इथे, गळ्याखाली, गुदगुल्या होतात. त्या दिवशी झाल्या नाहीत. पोरीने सगळं टाइप करून घेतलं. कोंबडीची चित्रं काढली, माझ्याकडून चोचीला शेंदरी रंग लावून घेतला. शेवटच्या स्लाइडवर सोर्स लिहायचा असतो म्हणे, म्हणजे माहिती कुठून मिळाली ते. तिथे तिने लिहिलं: माय आजी, जेएलटी, म्हणजे आमचं जुमेरा लेक टॉवर्स. सुमेधाने ते शाळेत जाईपर्यंत पाहिलं नव्हतं. तिची त्या आठवड्यात क्लायंटची धावपळ होती.

वर्गात एका जपानी मुलाची आई पाहुणी म्हणून बोलावलेली होती. हे मला आधी माहीत असतं तर मी कंपनी स्वीडनची करून घेतली असती. ती बाई फार सभ्य होती, हसली नाही. शुभ्राचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, हे तू कुठल्या पुस्तकात वाचलंस, मलाही वाचायचंय. शुभ्रा म्हणाली, पुस्तक नाही, "माय ग्रँडमदर न्यू हिम." तेव्हा वर्ग हसला. टीचरने म्हणे हात वर करून शांत केलं. आणि शुभ्रा तिथेच उभी राहून पुन्हा म्हणाली, शी न्यू हिम. पुन्हा हसले. हे मला शुभ्राने सांगितलेलं नाही. तिने घरी येऊन दप्तर ठेवलं आणि सांगितलं की प्रोजेक्ट पुन्हा करायचंय. बाकीचं मला मैमुनाबींकडून कळलं.

मैमुनाबी म्हणजे मुनिबाची आजी, दापोलीकडच्या. मुलाचा शारजात इंडस्ट्रियल एरियात गाड्यांच्या पार्टचा धंदा आहे, पण सून जुमेऱ्यात नोकरीला म्हणून राहतात इथे. सकाळी हातात तस्बीह, त्यांची जपाची माळ, घेऊन तळ्याला फेऱ्या मारतात आणि गुडघे बोलायला लागले की माझ्या बाकावर येतात. मी लिफ्टमध्ये उंट गिळला त्या दिवशीही आल्या.

"काय गो प्रमिलाबाई, आज थोबाड का पडलाय?"

"उन्हाने."

"उन्हान नाय. तुमची कोंबडी चाललीय का अजून? आमच्या मुनिबान सगळ्या घराला चालून दाखवली, मागे मागे. उझैर हसून हसून जेवला नाय." उझैर त्यांचा मुलगा. मग बाईंना माझ्या तोंडाकडे बघून काय वाटलं कुणास ठाऊक, तस्बीह मुठीत गोळा केली. "पोरगी लय रडली म्हणे बाथरूममध्ये. मुनिबान टिश्यू नेऊन दिले. तुम्हाला ठाव नव्हता?"

"नव्हतं."

"सांगू नये होता मी."

"नाही, बरं झालं सांगितलंत."

त्यांनी तस्बीह पुन्हा बोटांवर घेतली. एक फिलिपिनो मुलगी कुणाचा तरी कुत्रा फिरवत होती आणि कुत्र्याशी बोलत होती, तिच्या भाषेत, अगदी मनापासून. मैमुनाबी म्हणाल्या, "माझ्या नातवंडांशी मी बोलते तर ती म्हणतात, दादी, स्पीक प्रॉपरली. तुमची निदान ऐकतात." मग म्हणाल्या, "ऐकत होती." आणि गुडघ्यावर हात देऊन उठल्या. त्या वाईट नाहीत. खरं बोलतात, एवढंच.

सुमेधाने त्याच्या आदल्याच दिवशी मला सांगितलं होतं. रागावून नाही, ती रागावत नाही कधी. ओट्याशी उभी राहून, फोन उलटा ठेवून म्हणाली, "आई, एक रिक्वेस्ट आहे. या वेळी तुम्ही तिला प्लीज काही सांगू नका. तिला थोडं फॅक्ट्सची सवय लागायला हवी. तुमचं मला कळतं, पण मुलं फार क्रूएल असतात." मी म्हटलं, बरं. खलास. शैलू जेवताना म्हणाला, "आई, तू मला सांगितलं होतंस की आपल्या पंख्यात घुबड राहतं. मी तिसरीपर्यंत पंख्याखाली झोपलो नाही." मला वाटलं तो हसेल. तो ताटात बघत भात कालवत होता.

मग मी गप्प बसले. माणूस गप्प बसलं की घरातल्या वस्तू बोलायला लागतात हे मी थाप म्हणून सांगत नाही. वॉशिंग मशीन संपलं की गाणं म्हणतं, फ्रीज उघडा राहिला की ओरडतो. मी त्यांना उत्तरं द्यायला लागले. हो हो, आले. एकदा सुमेधाने दार उघडून विचारलं, आई, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, मशीनशी. ती म्हणाली, ओके, आणि दार लावलं. हे मात्र तिला खरं वाटलं. चारला शुभ्रा यायची, शूज काढायची, मी दूध द्यायचे, ती "थँक यू आजी" म्हणायची. थँक यू. मी तिला न्हाऊमाखू घातलेलं आहे. तिच्या हातात दुधाचा पेला देऊन मी परक्या घरी आल्यासारखी बाजूला सरकायचे.

आणि मग एका दुपारी हॉलमध्ये एकटी बसून मटार सोलत होते, तेव्हा कळलं की मला आठवण शुभ्राच्या ऐकण्याची येत नव्हती. म्हणजे तीही येत होतीच. पण खाली दुसरंच काही होतं. मला त्या जपानी माणसाची आठवण येत होती. तोंडात स्क्रू, दारात उभं राहणं, झालं म्हणणं. मटाराचं टरफल हातात धरून मी बसून राहिले. अगं बये, म्हटलं, हे तर आपले हे.

आमचे हे ठाण्याला मीटरच्या कारखान्यात होते. घरी आले की गल्लीतला कुणाचा ना कुणाचा रेडिओ, इस्त्री, मिक्सर उघडून बसायचे, वर्तमानपत्र पसरून. माझ्याशी बोलायचे ते स्क्रूंच्या फटीतून, निम्मे शब्द कळायचे नाहीत, आणि मी निम्म्या शब्दांच्या जागी माझे घालून घ्यायचे. बहुतेक माझी सवय तिथूनच लागली. शुभ्राच्या जन्माआधी गेले. तिने आपल्या आबांना पाहिलेलं नाही. फोटो आहे, पण हे भाड्याचं घर, भिंतीला खिळा मारायची परवानगी नाही, म्हणून ते माझ्या कपाटात साड्यांच्या मागे टेकून उभे असतात. दिवाळीला बाहेर काढतो. शैलू त्यांच्याबद्दल बोलत नाही, त्याचा आवाज बदलतो म्हणून. सुमेधाने त्यांना दोनदाच पाहिलं. म्हणजे या वाळवंटात, या इतक्या दिव्यांमध्ये, त्यांना ओळखणारी मी एकटी. आणि मी काय केलं, तर त्यांना जपानी करून, हातात कोंबडी देऊन, चोरून या घरात आणलं. नऊ वर्षांच्या पोरीला ते आवडले. तिने विचारलं, यू न्यू हिम? आणि वर्गात उभं राहून दोनदा सांगितलं की हो, ओळखत होती. आता पोरगी ऐकणार नसेल तर हा माणूस पुन्हा साड्यांच्या मागे. मटार सोलायचे राहिले. बाहेर मेट्रो गेली, आवाज न करता, मुकी. बर दुबईच्या देवळात जाऊन बसावं असं वाटलं, पण एकटीला टॅक्सीवाल्याशी हिंदी बोलायचा कंटाळा आला, आणि देवाला काय सांगणार, की मी नवऱ्याची थाप मारली आणि ती खरी निघाली?

शुक्रवारी शाळा लवकर सुटते. दुपारची वेळ, सुमेधा आतल्या खोलीत कॉलवर, शुभ्रा डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसली होती. नवं प्रोजेक्ट. मी समोर बसून कैरीचं लोणचं बरणीतून छोट्या बाटलीत काढत होते, तोंड बंद ठेवून. तिच्या स्लाइडवर फोटो होते, वर्षं होती, सगळं साइटवरचं, नीट, सरळ. ती टाइप करता करता थांबली. पायाने खुर्चीला ठोकायला लागली. बराच वेळ ठोकत होती.

"आजी."

"काय?"

"टीचर सेज, फाउंडरचं काय झालं ते लिही. साइटवर नाहीये." ती मराठीत बोलली. ती माझ्याशी मराठीत फार कमी बोलते, काही हवं असलं किंवा आजारी असली तरच. "हाऊ डिड ही डाय?"

"मला काय माहीत बाळा. तुझी आई म्हणालीय मी सांगायचं नाही."

"बट यू न्यू हिम."

हे ती चिडवायला म्हणाली, की मनापासून, मला आजही सांगता यायचं नाही. स्क्रीनकडे बघून म्हणाली. माझ्या हातातला चमचा तेलाने निसटत होता. गळ्याखाली बघितलं मी, गुदगुल्या होतात का. नाही. तिथे काहीच नव्हतं, नुसती कोरडी जागा. आणि मला काही सुचेना. आयुष्यात पहिल्यांदा. बोट नाही, भूकंप नाही, कोंबड्यांची अंत्ययात्रा नाही. म्हणून जे होतं ते सांगितलं.

म्हटलं, "तो सकाळी केस कापायला गेला होता. रविवार होता. न्हाव्याकडून आला की आधी आंघोळ करायची असते, त्याआधी कुठे शिवायचं नाही, असं आमच्याकडे असतं. म्हणून त्याला मी दाराशीच स्टुलावर बसवलं. म्हटलं, पाणी तापतंय, बसा. तो म्हणाला, बरं. मी आत गॅसपाशी होते. पाणी तापायला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. बादली काढली, हाक मारली, या म्हटलं. आला नाही. बाहेर जाऊन बघितलं तर भिंतीला डोकं टेकून बसला होता. मला वाटलं डुलकी लागली. मी लांबूनच बोलत होते, अहो उठा, पाणी गार होतंय. लांबून, कारण शिवायचं नव्हतं ना. त्याच्या मानेवर, कॉलरवर कापलेले बारीक केस होते. पांढरे. मग मी शिवले. ते केस माझ्या हाताला चिकटले."

आतून सुमेधाचा आवाज येत होता, नेक्स्ट क्वार्टर, नेक्स्ट क्वार्टर. शुभ्राचा पाय थांबला होता. तिने लॅपटॉपवरून मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं, लिफ्टच्या दाराकडे बघावं तसं नाही, सरळ.

"इज दिस ट्रू?"

"हो."

"यू डिडन्ट डू द व्हॉइस," ती म्हणाली. माझा गोष्टीचा वेगळा आवाज असतो, मला कधी कळला नव्हता. मग म्हणाली, "हा जपानी नाहीये."

"नाही."

"हा आबा आहे."

मी मान हलवली. बरणीचं झाकण लावायला घेतलं, आटे बसेनात. तिने झाकण माझ्या हातातून घेतलं, लावलं, आणि बरणी बाजूला सरकवली. मग स्लाइडवर काहीतरी टाइप केलं, मी वाचलं नाही, आणि लॅपटॉप मिटला. आता ही उठून जाईल, मला वाटलं, मुनिबाकडे. गेली असती तर बरं झालं असतं असंही वाटलं. ती गेली नाही. खुर्चीवर पाय वर घेऊन बसली.

"हे स्लाइडवर नाही टाकणार," ती म्हणाली. "दिस इज नॉट फॉर देम." आणि मग म्हणाली, "आता त्याचं सांग. जपानीचं. नॉट फॉर स्कूल."

"आई रागावेल."

"शीज ऑन कॉल. यल्ला, आजी, चल ना."

तर मी सुरू केलं. म्हटलं, त्याचं असं झालं, की त्याला मरायचंच होतं, पण त्याच्या कोंबड्यांना ते मान्य नव्हतं. सगळ्या शेडभर फिरत होत्या, कुणी किल्ली न देता, आणि यमदूत आला तर त्याच्या पायात पायात. यमदूत म्हणाला, या आधी गोळा करा, मग बघू. गोळा करता करता त्याची सकाळ झाली, दुसरी सकाळ झाली. माझा तो आवाज मला पहिल्यांदाच ऐकू येत होता, थोडा वरचा, नाटकी, आणि बरा होता. शुभ्रा ऐकत होती. हसायच्या जागी हसली. पण सांगता सांगता मी बघितलं, तिचा एक हात मागे गेला होता, आपल्याच मानेवर, आणि कॉलरच्या आतून हळूहळू काहीतरी झटकत होता. तिचं तिला ठाऊक नव्हतं. मी यमदूताला आणखी एक शेड फिरायला लावली.